काच वाढली

"फोडा म्हणू नका," गंगाबाई म्हणाल्या. "वाढवा म्हणावं."

नारळ माझ्या हातात होता. चांदपाशा मिस्त्री टिकाव घेऊन चुन्याने आखलेल्या खुणेपाशी उभा होता, आणि मी आपला सहज बोलून गेलो होतो की चला, नारळ फोडू आणि कामाला लागू.

"फोडल्यावर वाढतो होय नारळ?" मी म्हणालो. "मग एकाचे चार करून द्या की. चटणीला होतील."

"तुम्ही शिकलेली माणसं." त्या हसल्या, पण मागे हटल्या नाहीत. "शुभ कामाला तसलं तोंडातनं काढत न्हाईत. वाढवा."

मी नारळ वाढवला. पाणी खुणेवर पडलं, चांदपाशाने पहिला टिकाव घातला आणि तळणीच्या मन्मथअप्पांच्या घराखालचं काम सुरू झालं.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. डिप्लोमा झालेला, उदगीरला एक गाळा भाड्याने घेतलेला, बाहेर पाटी लावलेली: खचलेल्या इमारतींची दुरुस्ती. पाटी वाचून लोक हसायचे. इमारत बांधणारे पुष्कळ असतात, खचल्यावर बोलवायला कोणी नसतं, म्हणून मी तो धंदा धरला होता. स्वतःबद्दल माझं मत तेव्हा फार चांगलं होतं. लग्न झालेलं नव्हतं. आई मी दोन वर्षांचा असतानाच गेलेली, घरात वडील आणि आम्ही तिघे भाऊ. बाईमाणसाचा वावर नसलेल्या घरात मी वाढलो. हे सांगायचं कारण पुढे येईल.

तळणीची जमीन काळी. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावर बांधलेलं घर तिच्याबरोबर वरखाली होत राहतं. अप्पांच्या घराचा पाया चार फुटांवरच थांबवला होता. मुरूम आणखी चार फूट खाली. त्यात मोरीचं पाणी वर्षानुवर्षं मागच्या कोपऱ्यात मुरलेलं. स्वयंपाकघराची फरशी त्या कोपऱ्याकडे इतकी उतरली होती, की गंगाबाईंच्या हातून निसटलेला बटाटा गडगडत आपणहून तिथे जाऊन बसायचा. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली भेग वर स्लॅबपर्यंत गेली होती. तिच्यात माझं बोट जायचं.

अप्पा-गंगाबाईंच्या मुलीने, रत्नमालाने, निलंग्याहून निरोपावर निरोप धाडले होते. घर सोडा, माझ्याकडे या. गंगाबाईंनी पहिल्याच दिवशी मला भाकरी वाढताना सांगून टाकलं.

"जावयाच्या दारात म्हातारपण काढायचं न्हाई मला. पोरीचं घर चांगलं हाय, जावई देवमाणूस हाय, पर ते त्येंचं घर. मला माझ्या चुलीपशी राहू द्या. एवढं करा सायब. अजून एक वाढू का?"

"वाढा," मी म्हणालो. "आणि काळजी करू नका. तुमचं स्वयंपाकघर मी मुरमावर नेऊन ठेवतो."

अशा बढाया मारायची मला सवय होती.

काम तसं सोपं, पण जोखमीचं. भिंत वर उभी असताना तिच्या पायाखाली नवा पाया घालायचा. तीन फुटांचा तुकडा उकरायचा, मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, काँक्रीट भरायचं, ते घट्ट झालं की पुढचा तुकडा. शेजारचे दोन तुकडे एकदम कधीच उघडायचे नाहीत. मागच्या भिंतीखाली चार खड्डे घ्यायचे होते. तीन आठवड्यांत आम्ही तीन भरले. चौथा नेमका कोपऱ्याखाली, सगळ्यात वाईट जागी. तो उघडण्याआधी भिंत नव्या काँक्रीटवर नीट बसली की नाही, हे पाहायचं होतं. त्यासाठी मी काच लावली.

आमच्या धंद्यात ही जुनी रीत आहे. चार बोटं लांब, एक बोट रुंद अशी पातळ काचेची पट्टी भेगेवर आडवी ठेवायची, दोन्ही टोकांना प्लास्टरचे गोळे लावून पक्की करायची आणि ओल्या प्लास्टरवर खिळ्याने तारीख कोरायची. भिंत केसभर जरी हलली तरी काचेला ते सोसत नाही.

गंगाबाई पदर खोचून जवळ येऊन बघत होत्या.

"एवढीशी काच धरून ठेवती व्हय भिंतीला?"

"धरत नाही. सांगते. पंधरा दिवस जशीच्या तशी राहिली तर भिंत बसली म्हणायची. मग आम्ही शेवटचा खड्डा घेऊ आणि तुम्ही सुटलात. आणि काच फुटली, तर..."

त्यांचा उजवा हात झटकन डाव्या मनगटावर गेला. हिरव्या बांगड्या त्यांनी तळव्याखाली झाकून घेतल्या आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटल्या. मला वाटलं, भिंतीच्या भीतीने. मी आणखी जोरात सांगितलं.

"तर त्याच क्षणी स्वयंपाकघर सोडायचं. आत पाऊल टाकायचं नाही. आणि मला फोन करायचा. मी त्याच दिवशी टेकू घेऊन येतो. कळलं ना? काच फुटली की लगेच."

"कळलं, कळलं," त्या म्हणाल्या आणि बाहेरच्या खोलीत निघून गेल्या.

अप्पा दारात खुर्ची टाकून बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे काच त्यांना दिसणार नव्हती. बघायचं काम गंगाबाईंचं आणि कळवायचं अप्पांचं, असं ठरलं. तळणीच्या पोस्टात फोन होता आणि अप्पा रोज सकाळी तिथे जाऊन बसायचेच. उदगीरच्या तार ऑफिसात त्यांची चौतीस वर्षं गेली होती.

"निरोपाची काळजी करू नका, पतंगेसाहेब," अप्पा म्हणाले. "आमचा एकच नेम व्हता. मजकूर लोकांचा, हात आपला. त्यात एक शब्द इकडचा तिकडं करायचा न्हाई, अन् अर्थ तर बिलकूल इचारायचा न्हाई. एकदा एकानं तार दिली, 'आई गेली.' नवीन लागलेला कारकून मला इचारतो, कुठं गेली ते लिहायला नको का? म्या म्हणालो, बाबा, तू पाठीव. वाचणाराला कळतंय."

आम्ही सगळे हसलो. चांदपाशा सगळ्यात जास्त.

निघताना मी पुन्हा एकदा भेगेकडे बघितलं. एकच पट्टी अपुरी वाटली. वर स्लॅबच्या खाली एक आणि शेजारच्या भिंतीवर एक, अशा आणखी दोन हव्या होत्या, पण काच संपली होती. "गुरुवारी तू तळणीच्या बाजाराला जाशील तेव्हा दोन पट्ट्या लावून टाक," मी चांदपाशाला मोटरसायकलवर सांगितलं. गंगाबाईंना किंवा अप्पांना ते सांगायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला माझ्या ऑफिसात फोन वाजला. समोर एका शाळेच्या संस्थेचे तीन सदस्य बसलेले. त्यांच्या इमारतीचे सहा वर्ग खचले होते आणि ते काम मिळालं असतं तर माझी पाटी बघून कोणी हसलं नसतं. टेबलावर नकाशे पसरलेले होते. मी रिसीव्हर खांद्यात धरला आणि बोट नकाशावरच ठेवलं.

"पतंगेसाहेब, मन्मथअप्पा बोलतोय. तळणीहून."

"बोला अप्पा."

"घरचा निरोप हाय. तिनं सांगितला तस्साच सांगतो." अप्पांनी घसा साफ केला. मागे पोस्टात कोणीतरी टपालावर शिक्के मारत होतं. ठप, ठप. "काच वाढली."

म्हणजे चांदपाशा जाऊन आला. एकाच्या तीन झाल्या.

"वाढली का? बरं झालं."

पलीकडे शिक्के वाजतच होते.

"बरं झालं?"

"हो, मला तेच पाहिजे होतं."

"असं व्हय." अप्पांचा आवाज मोकळा झाला. "ती बिचारी कालपास्नं घाबरून गेली हाय. पडवीत तीन दगडं मांडून सैपाक करती. आता सैपाकघरात जायचं का न्हाई, ते इचार म्हणाली."

"पडवीत कशाला? खुशाल करू द्या की आत. मी सोमवारी येतोच आहे."

समोरच्या सदस्यांपैकी एकाने घड्याळाकडे पाहिलं. मला फोन ठेवायचा होता. पण अप्पांनी आपल्या रीतीप्रमाणे मजकूर परत म्हणून दाखवला, एकेक शब्द सुटा सुटा.

"बरं झालं. सैपाक आत करू द्या. सोमवारी येतो. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो.

संध्याकाळी चांदपाशा ऑफिसात आला. थैलीतून त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं काढून टेबलावर ठेवलं.

"काल जमलं नाही, साहेब. सासरा आजारी, भालकीला जावं लागलं. रविवारी लावून येतो."

पुडक्यात दोन काचेच्या पट्ट्या होत्या.

"तू गेलाच नाहीस?" मी म्हणालो. "मग काच वाढली कशी?"

"म्हणजे?"

"अप्पांचा फोन आला होता. काच वाढली म्हणाले."

चांदपाशाने खांदे उडवले. "अप्पांनीच कुठूनतरी आणून डकवली असेल. म्हातारं माणूस, करमत नसतं."

मला ते पटलं नाही. हे मी आज कबूल करतो. डोळ्यांनी धड न दिसणारा माणूस भिंतीवर काच कशी लावेल, हे माझ्या मनात आलं. गंगाबाई पडवीत तीन दगड मांडून स्वयंपाक का करत होत्या, हेही आलं. पोस्ट तोवर बंद झालं होतं, पण तळणी उदगीरहून अवघी बावीस किलोमीटर. मोटरसायकल दारात उभी होती. टेकूच्या बल्ल्या मागच्या अंगणात रचून ठेवलेल्या होत्या. आणि शाळेच्या कामाचं अंदाजपत्रक मला शनिवारी द्यायचं होतं. मी मनातलं झटकून टाकलं आणि कागद पुढे ओढले.

रविवारी सकाळी नऊला तळणीचा एक माणूस मोटरसायकलवर माझ्या घरी आला. अप्पांचा शेजारी. गाडीवरून उतरलासुद्धा नाही.

"अप्पांचं सैपाकघर बसलं," तो म्हणाला. "काकू आत व्हत्या."

मी टेम्पो काढायला लावला आणि त्यात बल्ल्या भरल्या. चांदपाशा भरता भरता एकदा थांबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, आता कशाला?" मी त्याच्यावर ओरडलो. आम्ही सगळ्या बल्ल्या भरल्या आणि त्या तशाच घेऊन बावीस किलोमीटर गेलो.

कोपरा खाली गेला होता. आम्ही भरलेले तीन तुकडे जागच्या जागी होते, त्यांच्यावरची भिंतसुद्धा कंबरेएवढी उभी होती. न भरलेला चौथा तुकडा खचला, त्याच्यावरची भिंत आत कोसळली आणि स्लॅबची एक बाजू ओट्यावर येऊन टेकली होती. गावकऱ्यांनी पहारी लावून गंगाबाईंना बाहेर काढलं होतं. पडवीत, त्या तीन दगडांच्या शेजारी, त्यांना चटईवर ठेवलं होतं. तीन-चार बायका भोवती बसल्या होत्या. दगडांमधली राख पांढरी पडली होती. शुक्रवारपासून तिथे चूल पेटली नव्हती.

मी त्यांच्याकडे गेलो नाही. मी आधी माझी काच शोधायला गेलो. असा मी माणूस.

ती सापडली. भिंतीचा तो भाग एका तुकड्यात पडला होता. दोन्ही टोकांचे प्लास्टरचे गोळे, त्यावर माझ्या अक्षरातली तारीख आणि मधोमध सरळ तडकलेली काच. दोन्ही कडांमध्ये गव्हाचा दाणा बसेल एवढं अंतर, आणि त्या कडांवर पिठाची, काजळीची बारीक पूड बसलेली. आजची तडक नव्हती ती. दोन-तीन दिवसांची होती.

माझं डोकं फिरलं. खरं सांगायचं तर मला आधार सापडला. चूक माझी नव्हती! मी सांगून गेलो होतो, बजावून गेलो होतो. त्यांनी ऐकलं नाही. मी तो तुकडा हातात घेऊन पडवीत आलो. तिथे पोलीस पाटील होते, जावई निलंग्याहून नुकताच पोचला होता, अर्धं गाव अंगणात होतं.

"अप्पा, काच फुटली होती!" मी सगळ्यांच्या देखत म्हणालो. "तीन दिवसांपूर्वीच फुटली होती. मी काय सांगितलं होतं तुम्हाला? मला कळवलं का नाही?"

अप्पांनी मान वर केली. त्यांचे ते दुधाळलेले डोळे माझा चेहरा शोधत होते.

"कळवलं की."

"हे नाही कळवलं तुम्ही!"

"कळवलं की, साहेब," ते पुन्हा म्हणाले, अगदी हळू.

एक म्हातारी गंगाबाईंच्या उशाशी बसून ओल्या फडक्याने त्यांच्या हातावरची माती पुसत होती. तिचं आमच्याकडे लक्षही नव्हतं. तिने तो हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि शेजारणीला म्हणाली,

"बग की गं. एवढी भिंत आली अंगावर, अन् हातातली एक बांगडी वाढली न्हाई. भरल्या हातानं गेली माय."

मी त्या हाताकडे पाहिलं. मनगटात हिरव्या बांगड्या होत्या. धुळीने माखलेल्या, पण सगळ्या अखंड.

एक बांगडी वाढली नाही. म्हणजे एकही फुटली नाही.

मला ते तेव्हा, तिथे कळलं. नवरा जिवंत असलेली बाई बांगडीला फुटली म्हणत नाही. काचेला फुटली म्हणत नाही. तो शब्द ती आयुष्यभर तोंडात येऊ देत नाही, कारण नवरा मेला की बांगड्या फोडतात. ती वाढली म्हणते. नारळ वाढवला म्हणतात, तसंच. आमच्या घरात बांगडीच नव्हती, मग ती वाढणार कुठून? पण नारळाच्या वेळी त्यांनी तो शब्द माझ्या हातात ठेवला होता आणि मी चटणीची थट्टा केली होती. मी 'फुटली' म्हणालो तेव्हा त्यांनी मनगट झाकलं होतं, ते भिंतीच्या भीतीने नव्हतं. अप्पांसाठी होतं.

काच तडकली ती गुरुवारी. गंगाबाईंनी त्याच क्षणी स्वयंपाकघर सोडलं, पडवीत दगड मांडले आणि मला कळवायला सांगितलं. मी सांगितलं होतं ते सगळं त्यांनी केलं. आणि मी म्हणालो, बरं झालं. खुशाल आत करू द्या.

हातातला तो तुकडा मी खाली ठेवला. ठेवताना आवाज होऊ नये म्हणून जपून ठेवला, हे मला अजून आठवतं.

"साहेब," अप्पा म्हणाले. आता ते मलाच विचारत होते, पोलीस पाटलाला नाही, जावयाला नाही. "तिचा निरोप म्या तुम्हाला सांगितला. तुमचा निरोप तिला येऊन सांगितला. बरं झालं, सैपाक आत करू द्या, सोमवारी येतो. परत म्हणून दाखवला व्हता तुम्हाला. तुम्ही बरोबर म्हणालात. ती लई खूश झाली. म्हणाली, सायबांना ठाऊक असंल सगळं, आपल्याला काय कळतंय. लगीच उठून आत गेली." त्यांचा हात हवेत काहीतरी चाचपडत होता. "मंग चुकलं कुठं? तुम्हाला नीट ऐकू आलं न्हाई का? लाइन खराब व्हती का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. जावई, पोलीस पाटील, माझ्यापासून चार पावलांवर उभा असलेला चांदपाशा. एक वाक्य बोलायचं होतं. अप्पा, तुमचा निरोप बरोबर होता, मला भाषा कळली नाही. एवढंच. ते वाक्य माझ्या तोंडात तयार झालं होतं.

"हो अप्पा," मी म्हणालो. "लाइन खराब होती."

अप्पांचा हात खाली आला.

"तरीच," ते म्हणाले. "तरीच. म्या जरा मोठ्यानं बोलायला पायजे व्हतं."

चांदपाशा वळला आणि टेम्पोकडे चालू लागला. त्याने नंतर माझ्याकडे काम केलं नाही. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पंचनाम्यात फोनवरचा निरोप अस्पष्ट ऐकू आल्याची नोंद झाली, आणि कोणी कोणावर ठपका ठेवला नाही. शाळेचं काम मला मिळालं. सहाही वर्ग मी मुरमावर नेऊन ठेवले, ते आजही सरळ उभे आहेत.

अप्पांना मुलीने निलंग्याला नेलं. मी दोन वर्षं तिकडे फिरकलो नाही. मग माझं लग्न झालं, आणि एके दिवशी बायको भांडी घासता घासता सहज म्हणाली, "अगं बाई, बांगडी वाढली वाटतं." मी ताटावरून उठलो. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडून मी निलंग्याला गेलो. वाटेत ते वाक्य शंभर वेळा मनात म्हटलं. लाइन खराब नव्हती, अप्पा. लाइन खराब नव्हती.

दार रत्नमालाने उघडलं. चेहरा आईचा. तिने मला ओळखलं, पाणी दिलं आणि हळू आवाजात म्हणाली,

"अप्पा आता फार बोलत नाहीत. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, दिसतं चांगलं. पण निरोप म्हणून सांगत नाहीत कुणाचा. दूधवाला पैसे मागून गेला, एवढं जरी असलं तरी कागदावर लिहून माझ्या हातात देतात. तोंडानं सांगा म्हटलं की हात जोडतात."

अप्पा आतल्या खोलीत पलंगावर बसले होते. उशाशी एक वही आणि पेन्सिल. आता त्यांच्या डोळ्यांत चष्म्याआड माझा चेहरा नीट उमटला, तो त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

"तुम्ही एवढे तरुण हाव?" ते म्हणाले. "आवाजावरनं मला वाटलं, मोठे असाल."

मी त्यांच्यासमोर खुर्चीवर बसलो. तोंड उघडलं. पण त्यांनी हात वर करून मला थांबवलं, आणि दोन वर्षं साठवून ठेवलेलं सांगावं तसे बोलायला लागले.

"बरं झालं आलाव. एक इचारायचं व्हतं. फोननं इचारायची हिंमत न्हाई झाली." ते पुढे सरकले. "लाइन खराब व्हती म्हणालात. ती तुमच्याकडनं खराब व्हती का माझ्याकडनं? खरं सांगा. चौतीस वर्षांत माझ्या हातनं एक निरोप चुकीचा गेला न्हाई, साहेब. अन् एक गेला तो तिचा. तुमच्याकडनं खराब असंल तर माझा इलाज नव्हता. पर माझ्याकडनं असंल, तर म्या हळू बोललो. मंग ते माझ्यावर हाय."

दारात रत्नमाला चहाचे कप घेऊन उभी होती. ती आत आली नाही. तिलाही उत्तर ऐकायचं होतं.

"माझ्याकडनं होती, अप्पा," मी म्हणालो. "तुमच्याकडनं काही नव्हतं."

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"तुम्ही चांगले हाव," ते म्हणाले. "म्हाताऱ्याचं मन राखायला तसं म्हणता. पर म्याच हळू बोललो."

मी चहा प्यायलो. त्यांच्या पाया पडलो. बाहेर पडून एसटी स्टँडवर आलो आणि उदगीरच्या गाडीत बसलो. अप्पा त्याच वर्षी दिवाळीच्या आधी गेले.

त्या शुक्रवारी लाइन अगदी स्वच्छ होती. त्यांच्या मागे पोस्टात शिक्के मारत होते, त्याचा एकेक ठोका मला ऐकू येत होता.